गोळ्यांची पिशवी घेऊन या

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर ६३ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, आता घरीच असतात. एकतिसाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा त्रास झाला. रात्र रात्र झोप नाही, अखंड बडबड, उसनवारी करून दोन म्हशी आणल्या आणि पुढे महिनाभर अंथरुणातून उठले नाहीत. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, लिथियम सुरू केलं, ते आजतागायत आहे. दोन वर्षांपूर्वी पुन्हा उसळी आली तेव्हा रिस्पेरिडोन ४ आणि ट्रायहेक्सीफेनिडिल २ अशी एकत्र गोळी रात्रीची चालू झाली. मन आता शांत आहे. पण संक्रांतीपासून माणूस आखडून गेलाय. पाय फरफटतात, चेहऱ्यावर हसू नाही, शर्टाची गुंडी मी लावते, उशी लाळेनं भिजते. सही जुळली नाही म्हणून बँकेनं परत पाठवलं. दोन्ही हात कापतात, उजवा जरा जास्त. एका डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सिंडोपा दिली. दीड महिना झाला, फरक नाही. नणंदबाई म्हणतात, ‘डोक्याच्या गोळ्यांनीच वाटोळं केलं, सगळ्या बंद कर आणि कवचबीजाचं चूर्ण दे.’ बाकी बीपीची गोळी आणि दिवाळीपासून सकाळी उपाशीपोटी गॅसची कॅप्सूल, एवढंच. चिठ्ठ्यांची झेरॉक्स जोडली आहे. इतकी वर्षं गोळ्या मीच हातानं दिल्यात. हा रोग मीच त्यांना दिला का?
— एक भगिनी, वाळवा तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही. तुम्ही हा रोग दिलेला नाही. बायपोलरचा माणूस बत्तीस वर्षं संसारात, नोकरीत टिकला आणि निवृत्त होऊन घरी बसला, यात तुमच्या हातच्या गोळ्यांचा वाटा फार मोठा आहे. लिथियमवर असलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहतं, हे वारंवार दिसून आलेलं आहे. तेव्हा ते ओझं आधी खाली ठेवा.

आता नणंदबाईंचं. त्यांचा संशय निम्मा बरोबर आहे, उपाय मात्र धोक्याचा आहे. सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर थोड्याच आठवड्यांत जुना आजार उसळी मारू शकतो. लिथियम झटक्यात तोडल्यावर हे विशेष घडतं. तेव्हा आज रात्रीच्या गोळ्या आज रात्री द्यायच्या. काय कमी करायचं आणि काय बदलायचं, ते डॉक्टरांसमोर बसून ठरू द्या.

तुम्ही लिहिलेली लक्षणं पार्किन्सनची आहेतच, पण ती दोन वाटांनी येतात. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथं डोपामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि हालचाली सुरळीत राहतात. पार्किन्सनच्या आजारात या पेशी हळूहळू मरतात. कंप आणि ताठरपणा दिसू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. दुसरी वाट औषधांची. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधं डोपामिन जिथं जाऊन काम करतं ती जागाच अडवतात. पेशी शाबूत, डोपामिनही तयार होतंय, पण पोचत नाही. तुमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहीर आटली तरी ऊस वाळतो, आणि विहीर भरलेली असून पाटाचं दारं कुणी बुजवलं तरी ऊस वाळतो. उभ्या पिकाकडे बघून दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्या प्रकारात दारं मोकळं करता येतं, म्हणून हा फरक शोधायला जिवाचा आटापिटा करायचा.

हे काही नवं नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरात आलं. पुढच्या काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की रुग्ण शांत होतात, पण काहींची चाल पार्किन्सनच्या रुग्णासारखी होते. तेव्हापासून प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाला हे शिकवलं जातं. तरीही घरच्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. औषध देतानाच ‘पाय जड झाले, लाळ गळायला लागली तर लगेच या’ एवढं वाक्य बोलायला वेळ लागत नाही.

आता तुमची झेरॉक्स. मी ती दोनदा वाचली, कारण पत्रात तुम्ही ज्या दोन गोळ्यांना ‘बाकी’ म्हणून बाजूला काढलंत, माझा डोळा नेमका त्यांच्यावर अडकला.

पहिली ती गॅसची कॅप्सूल. चिठ्ठीत नुसतं पँटोप्राझोल नाही, त्याच्यासोबत लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम आहे. पोट फुगतं, ढेकर येतात म्हणून हे सर्रास लिहिलं जातं आणि लोक वर्षानुवर्षं स्वतःच मेडिकलमधून आणत राहतात. लेवोसल्पिराइड हेसुद्धा डोपामिनची वाट अडवणारंच औषध आहे. मोठ्या मात्रेत ते मनोविकारांसाठी वापरलं जातं. रिस्पेरिडोन दोन वर्षं चालू होतं तोवर मिस्टरांची चाल ठीक होती. दिवाळीला कॅप्सूल आली आणि संक्रांतीपासून माणूस आखडला. ही तारखांची जुळणी मला सहजासहजी सोडवत नाही. औषधानं येणारा हा त्रास बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत, तीनेक महिन्यांच्या आत सुरू होतो. म्हणजे ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणून ज्यांना दोष मिळाला, त्यांच्या जोडीला एक पोटाची गोळीही गुन्ह्यात सामील असावी. ज्यांनी ती लिहिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा, ‘बायपोलरची औषधं चालू आहेत, अंग आखडतंय’ असं सांगा आणि साधं पँटोप्राझोल चालेल का विचारा. बहुतेक वेळा चालतं. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझीन आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड ही सगळी याच जातीची. साठीच्या पुढच्या माणसाला, त्यातही बायकांना, त्यांचा त्रास लवकर होतो.

दुसरी बीपीची गोळी. तिच्या नावापुढे ‘एच’ आहे. हा एच म्हणजे लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. ते लिथियमसोबत असलं की मूत्रपिंडं लिथियम नीट बाहेर टाकत नाहीत आणि रक्तातली पातळी चढते. पातळी चढली की हात थरथरतात. लिथियमच्या रक्ततपासणीचा शेवटचा रिपोर्ट तुम्ही जोडलाय तो दीड वर्षापूर्वीचा आहे. तो आता शिळा झाला. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी, सकाळची लिथियमची गोळी देण्याआधी रक्त द्यायचं. साठीच्या पुढे पातळी ०.४ ते ०.८ च्या दरम्यान ठेवावी असं आम्ही बघतो. त्याच सुईत क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियमही करून घ्या. लिथियमनं थायरॉइड मंदावतं आणि थायरॉइड मंदावलेला माणूसही असाच सुस्त, थंड दिसतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यानंही लिथियम चढतं. उलट्या-जुलाब, बोबडी वळणं, झोक जाणं आणि हातांचा कंप अचानक जोरदार होणं, यातलं काही दिसलं तर पुढची लिथियमची गोळी थांबवून थेट दवाखाना गाठा. तसंच कडक ताप, लाकडासारखं अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र आले तरी रात्र काढायची नाही.

माझ्याकडे असा रुग्ण आला की मी आधी त्याला ओपीडीबाहेरच्या बोळातून चालायला लावते आणि हात झुलतात का बघते. मग मनगट माझ्या हातात घेऊन सावकाश फिरवते. नरम मनगट सरळ फिरतं, हे टप्प्याटप्प्यानं अडखळत फिरतं आणि तो अडखळा बोटांना स्पष्ट जाणवतो. मग कोऱ्या कागदावर पत्ता लिहायला सांगते. पहिली ओळ बरी असते, तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षर मुंगीएवढं होतं. तुमच्या मिस्टरांची सही बँकेत त्यामुळेच जुळली नाही. ती जुनी पासबुकं जपून ठेवा, सही कधीपासून बारीक होत गेली हे त्यातून कळतं.

औषधाचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो आणि झपाट्यानं वाढतो. मूळ पार्किन्सन बहुतेकदा एका हातापासून, संथपणे सुरू होतो. पण हा नियम पक्का नाही. औषधानं आजारी पडलेल्यांतही बऱ्याच जणांची एक बाजू जास्त आखडते. म्हणून मी घरच्या बाईला वेगळंच विचारते. फोडणीचा, उदबत्तीचा वास त्यांना येतो का? झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, स्वप्नातलं भांडण खरोखर भांडतात का? ही लक्षणं बऱ्याच वर्षांपासून असतील तर मूळ आजाराकडे बोट जातं, कारण पार्किन्सनमध्ये ती कंपाच्या आधी कितीतरी वर्षं येऊन बसतात. बद्धकोष्ठही तसंच, पण तुमच्याकडे ट्रायहेक्सीफेनिडिल चालू असल्यानं त्यावरून काही ठरवता येणार नाही. याउलट ओठ, जीभ, जबडा सतत चघळल्यासारखे हलत असतील तर औषधाकडे. शंका राहिलीच तर ट्रोडॅट नावाचा स्कॅन मुंबई-पुण्यासारख्या शहरांत होतो. पेशी शाबूत असतील तर तो नॉर्मल येतो. पैसे लागतात, म्हणून मी तो सरसकट करायला सांगत नाही. आधी औषधं आवरून बघावीत, असं माझं मत.

आवरायची कशी? हे तुमचे मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. साधारण क्रम असा, की पोटाची कॅप्सूल आधी जाते. मग रिस्पेरिडोन आठवड्या-आठवड्यानं कमी होतं आणि गरज असेल तर त्याच्या जागी क्वेटियापीन येतं, जे हालचालींना फारसा त्रास देत नाही. ट्रायहेक्सीफेनिडिल हे रिस्पेरिडोनचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून जोडलेलं असतं. तरुण माणसाला ते झेपतं, पण साठीनंतर त्यानं विसराळूपणा येतो, लघवी तुंबते, घसा कोरडा पडतो. तेही हळूहळूच उतरवायचं. सिंडोपा मेंदूतलं डोपामिन वाढवते. औषधानं आलेल्या ताठरपणावर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण डोपामिन कमी नाहीच, त्याची जागा अडलेली आहे. शिवाय त्यानं बायपोलरच्या माणसाचं मन उसळू शकतं. म्हणून ती वाढवत जाऊ नका, आणि एकदम तोडूही नका. ज्यांनी लिहिली त्यांना विचारून उतरवा.

सगळं नीट झालं तरी फरक दिसायला वेळ लागतो. कुणाला काही आठवड्यांत, कुणाला सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. तोवर न्हाणीघरात धरायला दांडी, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, जेवताना लहान घास आणि पाणी घोटाघोटानं. घरात पडून खुब्याचं हाड मोडणं हा यातला सगळ्यात टाळता येण्यासारखा घात आहे.

आणि काही जणांचा त्रास औषध सुटल्यावरही जात नाही, हेही तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांच्या मेंदूत मूळ पार्किन्सन आधीपासून दबा धरून असतो आणि औषध त्याला लवकर उघडं पाडतं. बायपोलर असणाऱ्यांना पुढे पार्किन्सन होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसते. तैवानमध्ये ५६ हजारांहून अधिक बायपोलर रुग्णांची तुलना सव्वादोन लाख इतर लोकांशी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. बायपोलरच्या गटात ०.७ टक्के लोकांना पार्किन्सन झाला, दुसऱ्या गटात ०.१ टक्के. त्याच वर्षी सात अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा तिपटीहून थोडा जास्त निघाला. अर्थात यातल्या काहींना झालेला त्रास औषधाचाच असेल आणि नोंद पार्किन्सन म्हणून झाली असेल, असा इशारा संशोधकांनीच दिलाय. माझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. तैवानमध्ये ज्यांना वारंवार दवाखान्यात भरती करावं लागलं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. आजार मोकाट सोडणं हे मेंदूला औषधांपेक्षा स्वस्त पडतं, असं समजायला काही आधार नाही.

कवचबीजाबद्दल. म्हणजे आपल्या खाजकुइलीचं बी. त्यात लेवोडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं ते द्रव्य, खरोखर असतं, तेच जे सिंडोपात असतं. म्हणून ते ‘निसर्गातलं, निरुपद्रवी’ नव्हे. सिंडोपाच्या जोडीला चूर्ण दिलं तर मात्रा किती झाली हे कुणालाच कळणार नाही आणि बायपोलरच्या रुग्णाला त्यानं उन्माद येऊ शकतो. नणंदबाईंना सर्पगंधेची गोष्ट सांगा. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी आहे हे इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडलं आणि जगानं ती मुळी उचलली. पुढे तिच्यातलं रेझर्पीन घेणाऱ्या काहींना खोल उदासी आली, काही पार्किन्सनसारखे आखडले. मग १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेझर्पीन दिलेले निपचित ससे लेवोडोपा देऊन पुन्हा हालते केले. डोपामिनचं महत्त्व तिथून उलगडलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं. मुळी झाडाची की गोळी कारखान्याची, मेंदूला फरक पडत नाही.

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, थेंब, मलमं एका पिशवीत घालून न्या. ‘बाकी’ काही नसतं.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. तीन वर्षांपासून पार्किन्सन आहे, गेल्या वर्षी प्रॅमिपेक्सोल वाढवलं. हालचाल छान सुधारली. पण आता रात्रभर जागून मोबाइलवर रमी खेळतात, एफडी मोडली. आधी आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता. नातेवाईक म्हातारचळ म्हणतात. आई रडते. मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं का?
— एक मुलगा, पुणे

उत्तर : न्या, पण आधी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात हे सगळं सांगा. वडिलांना कुणीही चळ लागला म्हणू नये. वरच्या पत्राची ही उलटी बाजू आहे. तिथं मनाच्या औषधानं शरीर आखडलं, इथं शरीराच्या औषधानं मन सैल सुटलं. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामिनची नक्कल करतात आणि हालचालींबरोबर मोहाची केंद्रंही चेतवतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत जुगार, खरेदी, अति खाणं किंवा लैंगिक बाबतीतला असा अनावर ओढा आढळला, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. तुम्ही सांगा.

मात्रा कमी केल्यावर हे बऱ्याच जणांत ओसरतं. पण गोळी स्वतः बंद करू नका, त्यानं तीव्र घालमेल आणि उदासी येऊ शकते. तोवर यूपीआय आणि नेटबँकिंग आईच्या ताब्यात असू द्या. भांडून काढून घेऊ नका, औषधामुळे असं होतंय हे त्यांना नीट सांगून घ्या. कुणी झोपेसाठी किंवा शांत करायला हॅलोपेरिडॉल द्यायला लागलं तर पार्किन्सन आहे हे ठणकावून सांगा. अशा रुग्णाला गरज पडलीच तर क्वेटियापीन किंवा क्लोझापीन वापरतात.

प्रश्न : वय ५१. दोन वर्षं एसिटालोप्राम घेते, उदासी गेली. कपबशी उचलताना बोटं बारीक थरथरतात. उदासी असणाऱ्यांना पार्किन्सन होतो असं वाचलं, तेव्हापासून झोप उडाली आहे.
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : काही उचलताना होणारी बारीक थरथर या औषधानं होते, थायरॉइड वाढल्यानं होते, कधी घराण्यातच असते. पार्किन्सनचा कंप बहुतेकदा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि वस्तू धरली की कमी होतो. तुम्ही वाचलंत ते स्वीडनच्या अभ्यासाबद्दल असावं. पन्नाशी ओलांडलेल्या, उदासीचं निदान झालेल्या १ लाख ४० हजार लोकांना जास्तीत जास्त २६ वर्षांपर्यंत पाहिलं. १.१ टक्के लोकांना पार्किन्सन झाला, उदासी नसलेल्यांत ०.४ टक्के. शक्यता वाढते हे खरं, पण उदासी असलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जणांना तो झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आणि उदासी हीच कधी कधी पार्किन्सनची पहिली खूण असते, त्यामुळे दोष गोळीचा असं त्यातून निघत नाही.

थायरॉइड तपासा, चहा-कॉफी दिवसाला दोन कपांवर आणा. दम्याचा पंप वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानंही हात कापतात. थरथर नडतच असेल तर एसिटालोप्रामची मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं. हात स्वस्थ असताना कापायला लागला, एका बाजूचा हात चालताना झुलेनासा झाला किंवा फळ्यावरचं अक्षर बारीक होत गेलं, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.